दोन रात्रींत क्रूगर होत नाही

वाचकाचं पत्र :
आम्ही नाशिकचे. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि ६९ वर्षांच्या सासूबाई. जंगलाचं वेड घरात सगळ्यांनाच. ताडोबा, पेंच, नागझिरा कितीदा तरी झालं. पुढच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरवतोय. एका टूरवाल्यांनी अकरा दिवसांचा बेत दिलाय : केप टाउन, गार्डन रूट, सन सिटी आणि शेवटी क्रूगर राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री. क्रूगरमध्ये आपली आपण गाडी चालवत फिरता येतं असं ऐकलं आणि मन तिकडे ओढ घेतंय. पण मुलीला दिवसभर गाडीत बसवत नाही, तिला जंगलात चालायचंय, जमलं तर सायकल चालवायचीय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी शाकाहारी. आणि नवरा म्हणतो, आपले आपण गेलो आणि काही दिसलंच नाही, तर एवढा पैसा पाण्यात. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :
ताई, त्या बेतातलं बाकी सगळं काढा आणि आठ रात्री क्रूगरला द्या. केप टाउन सुंदर आहे, पण ते पुढच्या खेपेला. तुमच्या पत्रात ताडोबा, पेंच, नागझिरा आहे. गार्डन रूटचा समुद्रकिनारा आणि सन सिटीचा कॅसिनो कुठेच नाही. मग ज्यासाठी निघालात त्याला दोन रात्री का?

दोन रात्री म्हणजे प्रत्यक्षात एक पूर्ण दिवस आणि दोन अर्धे. क्रूगर साधारण साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर धरून १,७२७ चौरस किलोमीटर, म्हणजे अशी अकरा ताडोबा एकाला एक लावून ठेवली तर क्रूगर होईल. दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. आत डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४०, पण बघत बघत जाणाऱ्या माणसाला ताशी २०-२५च्या वर जाताच येत नाही. एवढ्या जंगलातून तेवढ्या वेळात फक्त धावता येतं. आणि धावणाऱ्याला जे दिसतं ते इतर गाड्यांच्या पाठीमागून दिसतं. हे दृश्य तुम्ही ताडोबाच्या मोहर्ली गेटला पाहिलेलं आहे, वेगळं सांगायला नको.

आधी यजमानांच्या शंकेचं बोलते, कारण खरा अडसर तोच दिसतोय. क्रूगरमध्ये काहीच दिसलं नाही, असं होत नाही. इम्पाला हरणं लाखाच्या वर आहेत, हत्ती वीस हजारांच्या वर, सिंह दीड हजाराच्या आसपास. जिराफ, झेब्रे, रानम्हशी, पाणघोडे, मगरी, रानडुकरं हे तर दिवसभर भेटत राहतात. ताडोबात सगळी सफारी एका वाघावर तोललेली असते. वाघ दिसला तर सफारी झाली, नाही तर घरी येईपर्यंत गप्प. तो तराजू इथे नेऊ नका. 'बिग फाइव्ह' म्हणून जी यादी प्रत्येक जाहिरातीत असते, ती मुळात शिकाऱ्यांची आहे : पायी शिकार करताना सगळ्यांत अवघड आणि धोक्याचे पाच प्राणी, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. तुम्ही शिकारीला जात नाही. बिबट्या तर सह्याद्रीतला आणि तिथला एकाच जातीचा. पण तिथले रानकुत्रे, म्हणजे आपल्या कोळसुंद्यांचे दूरचे भाईबंद, त्या यादीत नाहीत. सकाळच्या थंडीत रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर उड्या मारणारी त्यांची टोळी एकदा दिसली, की यादी कुठे ठेवली होती तेही आठवणार नाही.

तुमच्या घराला एक गोष्ट आयती येते, ती म्हणजे कान. चितळाचा धोक्याचा कॉल आला की गाडी थांबवायची, वानर खेकसलं की झाडाकडे नाही तर ते बघतंय तिकडे बघायचं, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. तिथे चितळाच्या जागी इम्पाला आहे. धोका दिसला की शिंकल्यासारखा आवाज काढतं. व्हर्वेट माकडं बिबट्याला वेगळी, गरुडाला वेगळी आणि सापाला वेगळी हाक देतात. जिराफांचा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, तर तिकडे सिंह असण्याची शक्यता बरीच. मेमध्ये जाताय म्हणून आणखी एक : तो इम्पालांच्या माजाचा काळ असतो. नर रात्री असे घोगरे, दमदार आवाज काढतात की पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, सिंह! खरा सिंह ऐकल्यावर मात्र शंका उरत नाही. तो आवाज कानाआधी छातीत ऐकू येतो.

महिना तुम्ही चांगला निवडलाय. पाऊस संपलेला, गवत विरळ होत चाललेलं, आतली डबकी आटत आलेली, त्यामुळे जनावर नदीकडे आणि पाणवठ्याकडे सरकायला लागतं. सकाळी कडक थंडी असते. आपला मे आठवून सुती कपड्यांवर जाऊ नका, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

आता मुक्काम. उद्यान सरकारी संस्था चालवते, सॅनपार्क्स, आणि आतले मोठे कॅम्प तिचेच आहेत. आरक्षण अकरा महिने आधी सुरू होतं आणि नदीकाठच्या खोल्या आधी जातात. तुम्हा चौघांसाठी मी लोअर साबी तीन रात्री, साटारा तीन आणि शेवटी ऑलिफंट्स दोन, असा क्रम लावीन. लोअर साबी आणि ऑलिफंट्स हे दोन्ही मी सासूबाईंना डोळ्यांसमोर ठेवून निवडलेत. लोअर साबीला उपाहारगृहाचा लाकडी सज्जा थेट साबी नदीवर आहे. चहाचा कप हातात आणि खाली पाणघोडे. ऑलिफंट्स उंच कड्यावर आहे, खाली नदीचं सगळं पात्र पसरलेलं, आणि बसायला बाकं. हत्तींचे कळप पाण्यावर येताना तिथून अख्खी दुपार बघता येतं, गुडघ्याला काही त्रास नाही. साटारा मोकळ्या गवताळ भागात आहे, तिथे सिंहांचं प्रमाण चांगलं; कॅम्पजवळचा एस-१०० हा कच्चा रस्ता पहाटे धरा.

पण मला जी जागा खरी सांगायचीय ती लोअर साबीपासून जेमतेम एक किलोमीटरवर आहे : सनसेट डॅम. रस्त्याला लागून असलेलं तळं. पहिल्या खेपेला मी तिथे पाच मिनिटं थांबून पुढे गेले, कारण 'पुढे' काहीतरी असणार होतं. दुसऱ्या खेपेला गाडी लावली आणि ठरवून दोन तास हलले नाही. पहिल्या अर्ध्या तासात मगरी आणि पाणघोडे यांच्यापलीकडे काही नव्हतं. मग एक कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला, आपल्या गंगापूरच्या धरणावर थांबतो तसाच, आणि सूर मारून मासा घेऊन गेला. इम्पाला आली, पाण्यापासून दहा पावलांवर थबकली, मगरीच्या भीतीनं पुढे-मागे करत राहिली. एकीनं तोंड लावलं, मग सगळ्यांनी. मासेमार गरुडानं मान मागे टाकून हाक दिली. शेवटी पाणी प्यायला हत्तीणी आल्या, आणि एक पिल्लू सोंडेचं काय करायचं ते न कळून गुडघे टेकून तोंडानंच प्यायला लागलं. या दोन तासांत पन्नासेक गाड्या आल्या आणि गेल्या. प्रत्येकीनं त्यातला एकेक तुकडाच पाहिला. तेव्हापासून माझा नियम आहे, दिवसातली एक बैठक पाण्याकाठी, किमान दीड तास, इंजिन बंद. तुम्हीही तो लावून बघा. मुलगी पहिल्या दिवशी कुरकुरेल. तिला वही द्या, कोण आलं, कोणाला बघून कोण सरकलं, एवढंच लिहू द्या.

स्वतः गाडी चालवण्याची भीती बाळगू नका. तिथेही वाहनं डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही सोबत हवं. भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, हे विमानतळावरच्या काउंटरवर कळलं तर पंचाईत होते. शक्य तर थोडी उंच गाडी घ्या. फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही, पण उंचीमुळे गवतावरून दिसतं. चौकात चारही बाजूंना 'स्टॉप' लिहिलेलं असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि हे लोक खरंच पाळतात.

जोहान्सबर्गला उतरलात की त्याच दिवशी निघू नका. विमानतळाजवळ एक रात्र झोपा आणि सकाळी लवकर एन-४ महामार्ग धरा. क्रोकोडाइल ब्रिज गेटपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्री महामार्गावर गाडी चालवायची नाही, शहरात काचा वर आणि दारं लॉक, बॅगा डिकीत, सीटवर काही उघडं नको. परतताना ऑलिफंट्सहून फालाबोर्वा गेटनं बाहेर पडा आणि शेवटची रात्र पुन्हा विमानतळाजवळ. अशा दहा रात्री होतात, तुमच्या अकरा दिवसांत बसतात.

उद्यानाच्या आत दोन गोष्टींचं भान सतत ठेवावं लागतं. पहिली, वेळ. मेमध्ये कॅम्पची दारं सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. उशिरा येणाऱ्याला दंड आहे, आणि तो रास्त आहे. एकदा माझ्यासमोर हत्तींचा कळप रस्त्यात पसरला आणि चाळीस मिनिटं हलेना. मी दार बंद व्हायला चार मिनिटं असताना पोचले. म्हणून परतीचा हिशेब नेहमी एक तास जादा धरून करा.

दुसरी गोष्ट हत्ती. सिंहाला गाडीशी देणंघेणं नसतं, हत्तीला असतं. पिल्लं असलेला कळप रस्ता ओलांडत असेल तर लांब थांबा, मधे घुसू नका, मागे गाडी घेता येईल एवढी जागा कायम राखा. एकटा मोठा नर गंडस्थळातून मद गाळत आणि मागच्या पायांवर लघवी ठिबकवत समोरून येताना दिसला, तर फोटोचा विचार सोडून शांतपणे गाडी मागे घ्या. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत असला तरी. आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर यायचं नाही. हे मुलीला एकदा नीट सांगा, पुन्हापुन्हा ओरडावं लागणार नाही.

आता तिच्या चालण्याचं. कॅम्पवरून पहाटे वाटाड्यांबरोबर पायी नेतात. जास्तीत जास्त आठ माणसं, दोन बंदूकधारी वाटाडे, तीन-चार तास. वयाची अट १२ ते ६५, म्हणजे तुमची मुलगी बसते आणि सासूबाई बसत नाहीत. त्यांच्याबरोबर कोणीतरी एकजण कॅम्पवर थांबा; तुम्ही आणि यजमान पाळी लावा, म्हणजे मुलीला दोन वेगळ्या कॅम्पवरून दोन फेऱ्या मिळतील. साटारा आणि ऑलिफंट्सहून एकेक करा.

पायी चालताना जंगल एकदम मोठं होतं आणि आपण लहान. एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. वाटाड्या मधूनमधून मूठभर माती सोडून वारा कुठला ते बघतो. माझ्या पहिल्या फेरीत मोठं जनावर फक्त लांबून दिसलं. पण गेंड्याच्या लेंड्यांचा उकिरडा पाहिला, रोज त्याच जागी येऊन तो आपली हद्द राखतो. शेणकिडे मागच्या पायांनी आपल्याहून मोठा गोळा ढकलत नेताना पाहिले. वारुळाच्या भोकातून मुंगसांचं कुटुंब डोकावताना पाहिलं. मोपानीच्या झाडाचं पान हातात घेतलं तर थेट आपट्याची आठवण करून देणारं, दोन पाकळ्यांचं. मरूलाचं झाड आंब्याच्या कुळातलं. गोरखचिंच तर आपल्याकडे कोकणातही आहे, पण तिचं मूळ घर आफ्रिका, आणि क्रूगरच्या उत्तरेकडे ती रानात आपली आपण उभी असते. तेरा वर्षांच्या मुलीला हे गाडीतून कधी दिसणार नाही.

सायकलचं मात्र स्पष्ट सांगते. सिंहांच्या जंगलात एकट्यानं सायकल चालवू देत नाहीत आणि देऊही नये. ऑलिफंट्सहून वाटाड्यांबरोबर सायकलफेऱ्या काढल्या जातात, त्यांना वयाची वेगळी अट असते, ती आरक्षण करतानाच विचारून घ्या. नाही जमलं तर तिला वचन द्या, पुढे कधी केनियात नैवाशाजवळच्या हेल्स गेटला न्यायचं. ते उद्यान लहान आहे, जेमतेम ६८ चौरस किलोमीटर, पण तिथे भाड्याची सायकल घेऊन झेब्रे आणि जिराफांमधून जाता येतं.

खाण्याची अडचण तुम्हाला वाटते तेवढी नाही, उलट कॅम्पमध्ये स्वयंपाक करता येणं ही तुमची मोठी सोय. बऱ्याच झोपड्यांना ओट्यासह शेगडी, फ्रिज आणि भांडी असतात. काहींना नसतात, म्हणून आरक्षणात स्वयंपाकघर आहे ना ते वाचून घ्या. बाहेर निखाऱ्यांची शेगडी असतेच, तिला तिथे 'ब्राय' म्हणतात. सगळे त्यावर मांस भाजतात. तुम्ही वांगी, मक्याची कणसं आणि रताळी भाजा. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात डाळी, मसाले, पिठं सगळं मिळतं, त्यामुळे घरून पोतं भरून न्यायची गरज नाही. भाजणी आणि मेतकूट तेवढं बंद पाकिटातलं न्या आणि कस्टमवाल्यांनी विचारलं तर सांगा. ताजी फळं, बियाणं, दुधाचे पदार्थ नकोतच. खाणं ओट्यावर उघडं ठेवून आत गेलात तर व्हर्वेट माकडं मिनिटात साफ करतील. त्यांना, किंवा रात्री कुंपणाशी येणाऱ्या तरसाला, कौतुकानं काही घालू नका. माणसाच्या हातून खायची सवय लागलेलं जनावर शेवटी गोळी घालून मारावं लागतं.

कागदपत्रं आणि औषधं आताच सुरू करा. व्हिसा लागतो. दोघा पालकांची नावं असलेला मुलीचा जन्मदाखला जवळ असू द्या. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या दहा दिवस तरी आधी घ्या. दक्षिण आफ्रिकेत तो रोग नाही, पण ही दोन शहरं त्या यादीतल्या देशांत आहेत आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावर त्यावरून अडू शकतं. सासूबाईंना या वयात ती लस द्यावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. नको म्हणाले तर विमानाचा मार्गच बदला. क्रूगर हिवतापाच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे तुम्ही शेपटावर जाताय. गोळ्या कोणत्या, सासूबाईंच्या चालू औषधांबरोबर कोणत्या चालतील, हे महिनाभर आधी विचारा. आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर 'आफ्रिकेत जाऊन आलो' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

एक गोष्ट मुलीशी निघण्यापूर्वी बोलून ठेवा. तुम्हाला गेंडा दिसला तर बहुधा त्याचं शिंग कापलेलं असेल. शिकाऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून उद्यानवालेच ते कापतात. नखासारखं असतं, दुखत नाही, पुन्हा वाढतं. २०११च्या सुमारास क्रूगरमध्ये दहा हजारांवर पांढरे गेंडे होते, २०२० साली सुमारे २,६०० उरले. म्हणून गेंड्याचा फोटो काढा, पण रस्त्याचं नाव लिहून कुठेही टाकू नका, फोनमधलं ठिकाणही बंद ठेवा. आणि १९२६ साली झालेलं हे उद्यान रिकाम्या जमिनीवर उभं राहिलेलं नाही, हेही तिला कळू द्या. उत्तरेच्या पाफुरी भागातल्या मकुलेके लोकांना १९६९ साली तिथून हलवलं गेलं. १९९८ साली जमीन त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती जंगल म्हणूनच ठेवली. ताडोबाच्या पोटातून उठलेली गावं तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा हा विषय घरात नवा नाही.

शेवटी दुर्बिणी. चौघांत एक नेऊ नका, त्यावरून भांडणं होतात आणि आजींचा नंबर शेवटी येतो. निदान दोन घ्या, आठ बाय बेचाळीसच्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या), आणि त्यातली एक फक्त त्यांची. ऑलिफंट्सच्या बाकावर त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ बसणार आहेत.